गावाच्या आर्थिक विकास कमिशनवर नेमणूक झालीय? मग आधी हे वाचा

समुद्रकाठच्या छोट्या गावात राहताय, कुणीतरी म्हणालं अहो एक जागा रिकामी आहे तुम्ही या ना, तुम्ही भिडेखातर हो म्हणालात आणि आता गावाच्या आर्थिक विकास कमिशनचे मेंबर झालात. अभिनंदन. नातेवाइकांना सांगताना मात्र जपून, मराठी माणसाला कमिशन म्हटलं की आधी टक्केवारी आठवते, आणि इथे टक्केवारी सोडा, बहुतेक ठिकाणी मानधनसुद्धा नसतं. मी अशा एका कमिशनवर काही वर्षं काढलीत, भरपूर चुका केल्यात, त्यातल्या निम्म्या तरी तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिलं काम, कमिशन ज्या ठरावाने स्थापन झालं तो ठराव मागवून घ्या आणि त्यातली क्रियापदं पेनाने अधोरेखित करा. हसू नका, खरंच करा. उदाहरणादाखल अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याचा कायदा बघा, तिथे गावाला असं कमिशन नेमता येतं, मेंबर ५ ते १५, आणि कामं काय तर गावाच्या आर्थिक परिस्थितीचा अभ्यास करणे, शिफारशी करणे, बाकीच्या संस्थांशी समन्वय ठेवणे. "मंजूर करणे" कुठेच नाही. झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालेल ते ठरवणं, दुसऱ्या बोर्डाकडे, बंदर आणि बोटींच्या जागा तिसऱ्याकडे, बजेट चौथ्याकडे, आणि गावातला मेन रोड तर बऱ्याचदा गावाचा नसतोच, वरच्या सरकारचा असतो. थोडक्यात तुमच्या हातात ना पैसा ना सही. माझी यावरून पहिले सहा महिने नुसती चिडचिड झाली. मग हळूहळू कळलं की यातच सोय आहे, कारण ज्याच्या हातात परवाना असतो त्याच्यासमोर दुकानदार तोंड उघडत नाही, तुमच्यासमोर उघडतो, तुम्ही त्याचं काही वाकडं करू शकत नाही हे त्याला माहीत असतं. तुमचं सगळं भांडवल हेच. जे बाकीच्या टेबलांवर पोचत नाही ते ऐकायचं, लिहून काढायचं आणि योग्य टेबलावर नेऊन ठेवायचं.

मीटिंगचे नियम पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. बहुतेक लोकशाही देशांत अशा समितीच्या बैठका जनतेला खुल्या ठेवाव्या लागतात, बारीकसारीक नियम जागोजागी वेगळे. कनेक्टिकटमध्ये वर्षभराच्या नियमित बैठकांच्या तारखा ३१ जानेवारीपर्यंत द्याव्या लागतात, अजेंडा निदान २४ तास आधी लावावा लागतो आणि मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, ७ दिवसांत. हे वाचायला सोपं वाटतं, माणसं अडकतात ती व्हॉट्सअॅपमध्ये. आम्ही पण उत्साहाने ग्रुप काढला होता, त्यात पाट्यांच्या साइजवरून दोन रात्री चर्चा रंगली, आणि नंतर एका नागरिकाने अर्ज टाकून रेकॉर्ड मागितलं. सगळा ग्रुप प्रिंट करून द्यावा लागला, एका घरमालकाबद्दल मारलेला टोमणा आणि त्याखाली आलेले चार हसरे चेहरे यांच्यासकट. त्या घरमालकाशी नीट बोलायला पुढे वर्ष गेलं. कोरम भरेल इतके मेंबर एका ग्रुपमध्ये गावच्या कामाबद्दल बोलत असतील तर त्यालाही बैठक धरलं जाऊ शकतं, त्यामुळे ग्रुप ठेवायचाच असेल तर "मीटिंग ७ वाजता" एवढ्यापुरता ठेवा. आणि छोट्या गावात प्रत्येकजण प्रत्येकाचा कोणीतरी लागतोच, मेव्हण्याच्या गाळ्याचा विषय निघाला की तसं नोंदवून खोलीबाहेर जायचं. खुर्ची मागे सरकवून गप्प बसून राहणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे.

आता खरं काम. सगळ्यांना पहिली आयडिया येते ऑनलाइन सर्व्हेची. नका करू, निदान आधी नका करू, त्याला उत्तरं देतात ते सत्तरजण जे तसेही प्रत्येक मीटिंगला येतात. त्यापेक्षा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जा आणि महिन्यामहिन्याचा एकूण पाण्याचा वापर मागा, कचऱ्याची महिन्याची टनेज मागा, शाळेचा मागच्या दहा वर्षांचा पट मागा. हे तिन्ही आकडे बहुधा फुकट मिळतात. जनगणना सांगते गावात किती लोक राहतात, पाण्याचं मीटर सांगतं ते कधी राहतात. किनाऱ्यावरचं गाव म्हणजे एका नावाची दोन गावं, सीझनमधलं एक आणि उरलेल्या वर्षातलं एक, दोघांचे प्रॉब्लेम वेगळे, आणि तुम्ही सरासरी काढलीत की दोन्ही हरवतात. शाळेचा पट खाली येतोय आणि घरांच्या किमती वर चालल्यात असं दिसलं तर अर्धं निदान तिथेच झालं, कामाच्या वयाची माणसं गाव सोडतायत.

मग वही घेऊन चालायला निघा. तीन वेळा, सीझनमधल्या शनिवारी, सीझनमधल्या मंगळवारी आणि एकदा ऐन ऑफ सीझनमध्ये जेव्हा वाऱ्याने पाट्या कुरकुरत असतात. प्रत्येक गाळा लिहा, चालू, सीझनपुरता बंद, कायमचा बंद, आणि वरच्या मजल्यावर काय आहे तेही, कारण वरचे मजले कोणी मोजत नाही. आत जाऊन गप्पा मारा, पण "तुमच्या समस्या काय" असं विचारू नका, त्याला सगळे टॅक्स म्हणतात. मी चारच प्रश्न विचारायचो, गिऱ्हाईक कुठून येतं, माल कुठून येतो, माणसं मिळतात का, आणि पाच वर्षांनी हे कोण चालवणार. शेवटच्या प्रश्नावर बरेच मालक गप्प होतात. साठी ओलांडलेली, धंदा चांगला पण मुलं दुसऱ्या शहरात, धंदा विकत घेणारा शोधणार तरी कोण, मग एक दिवस पाटी उतरते. नवीन धंदा आणण्यापेक्षा असा चालता धंदा योग्य माणसाच्या हातात पडेल हे बघणं कितीतरी सोपं आणि स्वस्त, पण त्याचा फोटो येत नाही म्हणून कोणी करत नाही.

अशाच एका फेरीत, ऐन थंडीत, धक्क्यामागच्या गल्लीत मला शिवणयंत्राचा आवाज आला. दारावर पाटी नाही. आत एक बाई जमिनीवर अख्खं शीड पसरून गुडघ्यांवर बसून शिवत होत्या, यंत्र जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेलं म्हणजे कापड सपाट राहतं. बोटींची शिडं आणि कॅनव्हासची आवरणं, बारा महिने काम, तीन बंदरांतून गिऱ्हाईक. आमच्या व्यवसायांच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. त्यांना अजून दोन माणसं हवी होती, शिकवायची पण तयारी होती, पण बाहेरून येणाऱ्याला गावात राहायला खोली मिळत नाही म्हणून कोणी टिकत नाही म्हणाल्या. आम्ही तोपर्यंत चार बैठका "नवीन उद्योग कसे आकर्षित करावे" यावर घातल्या होत्या.

पैसा किती येतो याच्याइतकंच तो किती वेळ गावात फिरतो हेही महत्त्वाचं. ब्रिटनमधल्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने यासाठी एलएम३ नावाची साधी पद्धत काढली, धंद्यात आलेला पैसा, त्यातला स्थानिक लोकांना नि पुरवठादारांना दिलेला, आणि त्यांनी पुन्हा गावात खर्चलेला, अशा तीन फेऱ्या मोजायच्या. तेवढं नाही जमलं तरी दोनतीन मैत्रीतल्या दुकानदारांची महिन्याची बिलं घेऊन बसा आणि कुठलं बिल गावाबाहेर जातं त्यावर खूण करा. लाँड्री, हिशेब, बोटीची दुरुस्ती, बेकरीचा माल, असं काहीतरी हमखास निघतं जे गावात होऊ शकतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटाने हे फार पुढे नेलंय. १९६० च्या दशकात तिथल्या लोकांना उठवून दुसरीकडे वसवायचं चाललं होतं, १९६७ मध्ये बेटावरच्या लोकांच्या मुलाखती चित्रित करून एका वस्तीतल्या दुसऱ्या वस्तीला आणि सरकारी अधिकाऱ्यांना दाखवल्या, माणसं एकमेकांशी बोलायला लागली आणि मच्छीमारांची को-ऑपरेटिव्ह उभी राहिली. पुढे १९९२ ला कॉड मासेमारीवर बंदी आली, सगळ्या प्रांतात ३०,००० च्या आसपास लोकांचं काम गेलं, तरी बेट टिकून राहिलं. नंतर झिटा कॉब या तिथल्याच मुलीने बाहेर नाव कमावून परत येऊन शोरफास्ट ही संस्था काढली, तिचं २९ खोल्यांचं हॉटेल २०१३ ला सुरू झालं, नफा बेटाच्या कामाला, आणि आपण दिलेल्या पैशातला किती मजुरीला गेला, किती बेटावर राहिला हे सांगणारं लेबल, बिस्किटाच्या पुड्यावर असतं तसं. तुम्हाला हॉटेल बांधायचं नाहीये, लेबल मात्र कुठल्याही गावाला करता येतं, आणि ते करताना जे कळतं तेच खरं कामाचं.

याच्या उलट गोष्ट न्यू लंडनची, कनेक्टिकटमधलंच बंदराचं शहर. १९९८ ला फायझर कंपनीने तिथे मोठं रिसर्च सेंटर उभारायचं जाहीर केलं, शहराच्या विकास संस्थेने शेजारच्या फोर्ट ट्रंबुल भागात ९० एकरांचा प्लॅन आखला, हॉटेल, ऑफिसं, घरं सगळं त्यात, आणि जे राहते लोक विकायला तयार नव्हते त्यांची घरं सक्तीने घ्यायला निघाले. सुझेट केलो आणि शेजारी कोर्टात गेले, प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत, २००५ ला ५ विरुद्ध ४ ने शहर जिंकलं. जिंकून काय, २००९ ला फायझरने तिथून निघायचं जाहीर केलं, आणि घरं पाडलेली जमीन पुढे कित्येक वर्षं तशीच रिकामी, गवत वाढलेली. त्या विकास संस्थेतली माणसं वाईट होती असं मला वाटत नाही, गाव गरीब होत चाललेलं असताना मोठा मासा दारात आला की आपण पण तेच केलं असतं.

म्हणून मोठा डेव्हलपर आला की कमिशनने टाळ्या वाजवायच्या आधी काही गोष्टी कागदावर मागाव्यात. टॅक्समध्ये सूट मागतोय तर किती वर्षं आणि त्या बदल्यात नेमकी किती बारमाही कामं, ती झाली नाहीत तर सूट परत घ्यायचं कलम आहे का, पाणी सांडपाणी रस्ता याचा वाढीव खर्च कोण भरणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा उद्या निघून गेला तर मागे काय उरतं, दुसऱ्या कोणाला वापरता येईल अशी बिल्डिंग की फक्त त्यालाच उपयोगी सांगाडा. शेवटचा प्रश्न विचारताना खोलीत जरा अवघडल्यासारखं होतं, होऊ दे.

परवान्यांचा नकाशा हे मात्र पहिल्याच वर्षात करून टाका, माझ्या मते कमिशनचं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे. आम्ही काय केलं, आमच्यातल्या एकाने खोटाखोटा अर्जदार व्हायचं ठरवलं, कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, भाड्याने द्यायचा छोटा धंदा काढायचाय असं समजून प्रत्येक काउंटरवर जाऊन विचारायचं. सात टेबलं निघाली. तिसऱ्याला पाचव्याचा कागद आधी हवा होता आणि पाचव्याला तिसऱ्याचा. यातलं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं कारण प्रत्येकजण आपल्या टेबलापुरता बरोबर होता, आणि जो अर्जदार अडकायचा तो कंटाळून शेजारच्या गावात जायचा, तक्रार करायला कोण परत येतो. आम्ही एका पानावर क्रम लिहिला, आधी कुठे, मग कुठे, कुठला कागद, साधारण किती दिवस, आणि महिन्यातून एकदा सगळ्या खात्यांचा एकेक माणूस एका टेबलाशी बसेल आणि नवीन माणूस अर्ज भरायच्या आधीच त्यांच्याशी बोलेल अशी शिफारस केली. खर्च शून्य. ती मान्य व्हायला आठ महिने लागले ते सोडा.

त्या पानावर पुराची ओळ ठळक अक्षरात टाका. १९०१ ते २०१८ या काळात जगातली समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढलीय आणि वेग वाढतोच आहे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या धंद्यात भाड्यापेक्षा विमा आणि बांधकामाचे नियम जास्त बोचतात. अमेरिकेत राष्ट्रीय पूर विमा योजनेत असलेल्या गावांमध्ये पूरक्षेत्रातल्या इमारतीचं नूतनीकरण किंवा दुरुस्ती तिच्या बाजारभावाच्या ५० टक्क्यांवर गेली की अख्खी इमारत आजच्या पूर नियमांत बसवावी लागते, म्हणजे बऱ्याचदा उचलून उंच करायची. हे नवीन भाडेकरूला भाडेकरारावर सही झाल्यावर कळलं तर तो संपलाच. तुमच्या देशात नियम वेगळा असेल, पण काहीतरी असणारच, शोधून काढा.

पार्किंगबद्दल पण सांगतो नाहीतर तुमची पहिली दोन वर्षं त्यातच जातील. पार्किंग नाही म्हणून धंदा नाही हे प्रत्येक मीटिंगला ऐकायला मिळतं. आम्ही दोघांनी एका शनिवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ दर तासाला मेन रोडवरच्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहिले, नंतर यादी फाडून टाकली. निम्म्याच्या आसपास गाड्या दिवसभर हलल्याच नाहीत, आणि त्या होत्या दुकानांत काम करणाऱ्यांच्या आणि मालकांच्या, सगळ्यात जोरात ओरडणाऱ्या गृहस्थांची तर आपल्याच दाराशी. स्टाफने मागच्या मैदानात लावायचं ठरलं आणि विषय निम्मा झाला, पूर्ण संपत नाही तो कधीच.

धक्का आणि घरं, हे दोन विषय मात्र चिवटपणे धरून ठेवा. पाण्याला लागून असलेली जागा एकदा फ्लॅटला गेली की बोटींना परत मिळत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याचा किनारा खाचाखोचांसकट ५,००० मैलांच्या वर, आणि त्यातला मासेमारी नि बोटींच्या कामासाठी उरलेला किती, तर एका पाहणीत जेमतेम २० मैल निघाला. तुमच्या गावचा उरलेला मोजा, मीटरमध्ये मोजा, बर्फ कुठे मिळतं, डिझेल कुठे भरतात, क्रेन कुठे आहे ते नकाशावर मांडा आणि प्लॅनिंगवाल्यांना द्या. घरांच्या बाबतीत सोपं उत्तर नाही हे आधीच सांगतो. इंग्लंडमधल्या सेंट आयव्ह्जने २०१६ ला मतदान घेऊन ठरवलं की नवीन बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच, सेकंड होमला नाही. ऐकायला झकास, पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की नवीन बांधकाम मंदावलं आणि सेकंड होमवाले जुन्या घरांकडे वळले. मेनमधल्या बार हार्बरने २०२२ ला मतदानाने क्रूझमधून रोज उतरणारे प्रवासी १,००० वर आणले, प्रकरण कोर्टात गेलं. माझं मत विचाराल तर पर्यटक मोजून घ्यावेत आणि कामगारांच्या खोल्यांसाठी दुकानांचे वरचे रिकामे मजले आधी बघावेत, म्हणून तर मघाशी ते मोजायला सांगितलं.

लोगो, घोषवाक्य, महोत्सव यांच्याबद्दल फार लिहीत नाही. कुणीतरी नव्या लोगोचा प्रस्ताव आणेलच, त्याला सबकमिटी द्या. महोत्सव करायचा तर ऑफ सीझनमध्ये करा, भर सीझनमध्ये गर्दीला गर्दी जोडून काय मिळणार. दुकानदारांना रस्ता सजवायचाय, दिवे लावायचेत तर त्यांना स्वतःवरच थोडा कर लावून घ्यायची सोय असते का बघा, ही कल्पना टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये १९७० ला सुरू झाली आणि जगभर पसरली, स्वतःचा पैसा असला की माणसं मीटिंगला वेळेवर येतात. ग्रँटच्या बाबतीत एकच, ग्रँट निघालीय म्हणून प्रोजेक्ट शोधू नका, आणि गावाचा हिस्सा किती आणि पुढची दहा वर्षं देखभाल कोण करणार हे अर्जाआधी ठरवा. आमच्याकडे ग्रँटमधून आलेले सहा सुंदर माहितीफलक आहेत, खारट वाऱ्याने त्यातल्या चारांवर आता काही वाचता येत नाही.

वर्षाला एक अहवाल द्या, दोन पानांचा, त्यात किती मीटिंगा झाल्या ते नको, किती गाळे उघडले किती मिटले आणि कुठली शिफारस कोणाच्या टेबलावर किती महिने पडून आहे ते लिहा. मुदत संपत आली की फाइल नीट लावा, कारण छोट्या गावातली कमिशनं दर चारपाच वर्षांनी शून्यापासून सुरू करतात, आधीच्यांचं सगळं कुणाच्या तरी बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये असतं. मी जाताना पुढच्या बाईंना गाळ्यांची यादी, परवान्यांचं पान, पासवर्ड आणि ती वही दिली. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, शिडं शिवणाऱ्या बाईंना एक माणूस मिळालाय, बेकरीच्या वरच्या खोलीत राहतो, दुसऱ्यासाठी अजून जागा नाही, सीझन सुरू व्हायच्या आत टपालवाल्या बिल्डिंगच्या मालकाला विचारा.